शाळेतील प्रयोग आणि आकड्यांची साक्ष

मुलाने वर्षाअखेरीस प्रगतिपुस्तक घरी आणले म्हणजे प्रथम त्यातील आकडे पाहावयाचे आणि मग मुलाच्या तोंडाकडे पाहावयाचे, ही आमच्या सुशिक्षित कुटुंबांतील रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आकडा खोटे बोलत नाही अशी आमची समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असेही नव्हे. परंतु ज्याप्रमाणे मुलांची परीक्षा होते त्याचप्रमाणे त्यांना शिकविण्याच्या पद्धतींचीही परीक्षा होते, व त्या परीक्षेतही गुण दिले जातात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. ‘अमुक पद्धतीने शिकविलेली मुले चार महिने पुढे गेली,’ अथवा ‘तमुक योजनेवर केलेला खर्च व्यर्थ ठरला,’ अशी वाक्ये वर्तमानपत्रांत येतात. त्यांच्या आधारावर सरकारे योजना चालू करतात व बंद करतात, शिक्षकांची अब्रू वाढते वा जाते, आणि ज्या मुलांस या वादाची वार्ताही नसते त्यांच्या आयुष्याला त्यामुळे वळण लागते.

हे गुण देणारा परीक्षक कोण, आणि तो कसे गुण देतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शाळेतील प्रयोगातून निघालेला आकडा केवळ मुलांचा नसतो. त्यात मोजणाराचाही वाटा असतो. तुलना कोणाची कोणाशी केली, ‘एक’ म्हणून कोणाला मोजले, आणि कोणत्या मापाने मापले, या तीन गोष्टी बदलल्या तर तीच मुले, तेच शिक्षक आणि तीच शाळा असूनही निकाल निराळा लागतो. हे तर्काने सांगण्यापेक्षा इतिहासाने सांगणे अधिक सोपे आहे.

शिकविण्याच्या पद्धतीचा निकाल मोठ्या प्रमाणावर मोजमाप करून लावण्याचा एक आरंभीचा प्रयत्न अमेरिकेत जोसेफ मेयर राइस यांनी केला. हे गृहस्थ मूळचे डॉक्टर. इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगची घोकंपट्टी व्यर्थ आहे, अशा आशयाचे त्यांचे लेख १८९७ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी सुमारे ३३,००० मुलांची परीक्षा घेतली होती. घोकंपट्टीला जास्त वेळ देणाऱ्या शाळांतील मुले कमी वेळ देणाऱ्या शाळांतील मुलांहून विशेष पुढे नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिक्षणाधिकाऱ्यांस तो रुचला नाही. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या निष्कर्षाहून मोलाची गोष्ट म्हणजे राइस यांना वाटेत आलेला अनुभव. पहिल्या खेपेस शाळाशाळांतील गुणांत फारच तफावत दिसली. चौकशी करता असे आढळले की, काही शिक्षक परीक्षेत शब्द उच्चारतानाच त्यांतील अक्षरे अशी ठासून उच्चारीत, की स्पेलिंगचे निम्मे उत्तर प्रश्नातच मिळावे. राइस यांनी परीक्षेची रीत बदलली आणि पूर्वीची तफावत पुष्कळशी ओसरली. मुले जी पूर्वी होती तीच होती. बदलले होते ते माप.

राइस यांच्यापाशी चिकाटी होती, पण प्रयोगाचे शास्त्र तेव्हा बनावयाचे होते. ते किती आवश्यक आहे हे तेहतीस वर्षांनी स्कॉटलंडात दिसून आले. १९३० सालच्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत लॅनार्कशायर परगण्यातील ६७ शाळांत एक प्रचंड प्रयोग झाला. मुलांस शाळेत रोज दूध दिल्याने त्यांची वाढ किती होते, आणि कच्च्या दुधात व पाश्चरच्या रीतीने तापविलेल्या दुधात काही फरक पडतो की काय, हे पाहावयाचे होते. ५ ते १२ वर्षे वयाची २०,००० मुले निवडली गेली. त्यांपैकी १०,००० मुलांस चार महिने रोज पाऊण पिंट दूध मिळाले, निम्म्यांस कच्चे व निम्म्यांस तापविलेले. उरलेल्या १०,००० मुलांस दूध द्यावयाचे नव्हते. ती केवळ तुलनेसाठी होती. आरंभी व अखेरीस सर्वांची उंची व वजन घेण्यात आले. सुमारे ७,५०० पौंड खर्च झाला. अखेर अहवाल निघाला की, दुधाने मुलांची वाढ अधिक होते, आणि कच्चे व तापविलेले दूध यांत भेद दिसत नाही.

वीस हजार मुले! एवढ्या मोठ्या संख्येपुढे शंका घेण्यास कोण धजणार? धजला तो डब्लिन येथील गिनेस यांच्या बिअरच्या कारखान्यात नोकरी करणारा एक रसायनज्ञ. विल्यम सीली गॉसेट हे त्याचे नाव. परंतु संख्याशास्त्राच्या जगात तो ‘स्टूडंट’, म्हणजे विद्यार्थी, या टोपणनावाने लिही. थोड्या नमुन्यांवरून विश्वसनीय अनुमान कसे काढावे याविषयीचा त्याचा १९०८ सालचा निबंध आजही संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकावा लागतो. या ‘विद्यार्थ्या’ने १९३१ साली लॅनार्कशायरच्या प्रयोगाची जी चिकित्सा केली ती आमच्या मते शिक्षणविषयक संशोधनात पडणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावी अशी आहे.

त्याने प्रथम एवढेच पाहिले की, दूध सुरू होण्यापूर्वी दोन्ही गटांतील मुले सारखी होती काय? ती सारखी नव्हती. ज्यांस दूध मिळावयाचे नव्हते ती मुले आरंभीच उंचीने व वजनाने सरस होती. वजनाचा फरक सुमारे तीन महिन्यांच्या वाढीइतका व उंचीचा सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतका होता. मूळ प्रयोगच चार महिन्यांचा, हे वाचकांनी येथे ध्यानात ठेवावे. दहा दहा हजारांच्या गटांत असा फरक केवळ योगायोगाने पडणे शक्य नाही. मग तो पडला कसा?

त्याचे उत्तर निवडीच्या नियमांत होते. मुले निवडण्याचे काम मुख्याध्यापकांवर सोपविलेले होते. त्यांनी कोठे चिठ्ठ्या टाकून तर कोठे आडनावांच्या अनुक्रमाने निवड केली. येथवर ठीक होते. परंतु आणखी एक मुभा होती: एखाद्या गटात सुदृढ अथवा अशक्त मुलांचा फार भरणा झाला आहे असे वाटल्यास काही मुले बदलून गट समतोल करावा. हेतू चांगला होता. पण समोर अंगावर मांस नसलेले, फाटक्या कपड्यांतील पोर उभे आहे आणि हातात दुधाची यादी आहे, अशा वेळी कोणता शिक्षक त्या पोराचे नाव दूध न मिळणाऱ्यांत घालील? स्टूडंटचा तर्क असा की, शिक्षकांनी नकळत का होईना गरजू मुलांकडे दूध वळविले. येथे कोणी लबाडी केली नाही. प्रयोग बिघडला तो शिक्षकांच्या दयाबुद्धीने. त्या शिक्षकांविषयी आमच्या मनात आदरच उत्पन्न होतो. परंतु ज्या आकड्यांवर राष्ट्राचा पैसा खर्च व्हावयाचा, त्या आकड्यांत ही दया गुपचूप शिरली होती हे विसरून चालत नाही.

दुसरी गोष्ट कपड्यांची. मुलांचे वजन कपड्यांसह घेतले होते. खिशांतील गोट्या, दोऱ्या, चाकू वगैरे सगळा खजिना बाहेर काढावयास लावीत. ओव्हरकोट व गळपट्टे उतरवीत. आणि एखाद्या मुलाने थंडीसाठी तीन-चार जर्सी एकावर एक चढविल्या असतील तर एक ठेवून बाकीच्या काढीत. इतकी दक्षता घेऊनही फेब्रुवारीतील कपडे आणि जूनमधील कपडे यांत फरक राहणारच. खाऊनपिऊन सुखी घरातील मुलाच्या अंगावर हिवाळ्यात भारी कपडे असतात व उन्हाळ्यात हलके; गरिबाच्या मुलापाशी काढून ठेवण्यासारखे असतेच किती? परिणाम असा की, चार महिन्यांत सुखवस्तू मुलाच्या वजनातून कपड्यांचा भार अधिक उतरला आणि त्याची वाढ प्रत्यक्षाहून कमी दिसली. सुखवस्तू मुले दूध न मिळणाऱ्या गटात अधिक होती. तेव्हा दुधाचा म्हणून जो गुण दाखविला गेला त्यातील काही भाग लोकरीचा असावा असे मानण्यास जागा राहिली.

कच्च्या व तापविलेल्या दुधाचा प्रश्न तर याहून बिकट. एकाच शाळेत दोन्ही प्रकारचे दूध कोठेच दिले नव्हते. म्हणजे त्या दोन दुधांची तुलना ही वस्तुतः निरनिराळ्या शाळांची, निरनिराळ्या वस्त्यांची तुलना होती. याच आकड्यांवरून फिशर व बार्टलेट या दोन विद्वानांनी त्याच वर्षी मूळ अहवालाच्या उलट, कच्च्या दुधाची सरशी दाखविली होती. स्टूडंटचे म्हणणे असे की, ज्या पद्धतीने मुले निवडली गेली ती पाहता या बाबतीत इकडचा वा तिकडचा निकाल देण्याचा अधिकारच या आकड्यांस पोचत नाही.

नुसता दोष दाखवून तो थांबला नाही. एकाच वयाची, सारखी दिसणारी मुले जोडीजोडीने घ्यावीत व त्यांपैकी दूध कोणास द्यावयाचे ते नाणे उडवून ठरवावे, असे त्याने सुचविले. त्याची दुसरी सूचना ऐकून तर त्या काळच्या लोकांस नवल वाटले असेल: एकरूप जुळ्यांच्या अवघ्या ५० जोड्या मिळाल्या आणि प्रत्येक जोडीतील एकास दूध दिले, तर या वीस हजार मुलांपेक्षा अधिक विश्वसनीय उत्तर मिळण्याचा संभव आहे. शंभर मुले वीस हजारांस भारी! संख्येचे बळ संख्येत नसून तुलनेच्या न्याय्यतेत असते, हा धडा यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणी दिलेला आमच्या पाहण्यात नाही.

दूध निरुपयोगी आहे असे स्टूडंटने कोठेही म्हटले नाही, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९३४ पासून शाळांत स्वस्त दूध व १९४६ पासून फुकट दूध मिळू लागले, आणि त्यामुळे कित्येक उपाशी पोरांच्या पोटात काही गेले याचा आनंदच मानावा. परंतु योजना चांगली असणे आणि तिचा पुरावा चांगला असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आज चांगल्या योजनेस कच्च्या पुराव्याचा टेकू दिला, तर उद्या तो टेकू काढून घेणारा कोणीतरी भेटतोच.

नाणे उडवून निवड करण्याची ही कल्पना शेतातून आलेली होती. रोनाल्ड फिशर यांनी रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात वाफ्यांवर प्रयोग करताना असे ठरविले की, कोणते खत कोणत्या वाफ्यास घालावयाचे हे माणसाच्या मर्जीवर सोडू नये, चिठ्ठ्या टाकाव्यात. १९२५ व १९३५ सालच्या त्यांच्या ग्रंथांनी हे शास्त्र जगभर नेले. परंतु शेत आणि शाळा यांत एक मोठा भेद आहे. शाळेत मुले सुटी सुटी उगवत नाहीत. ती वर्गावर्गाने वाढतात. एका वर्गाला एकच शिक्षक, एकच खोली, एकच वस्ती. आयोवा येथील एव्हरेट लिंडक्विस्ट यांनी १९४० साली शैक्षणिक संशोधनासाठी लिहिलेल्या संख्याशास्त्राच्या ग्रंथात याची जाणीव करून दिली होती: वर्गचे वर्ग उचलून प्रयोग केला असेल, तर हिशेबातही वर्ग अथवा शाळा हीच ‘एक’ धरली पाहिजे, सुटे मूल नव्हे. हा इशारा पुढे कित्येक वर्षे पुस्तकातच राहिला. त्याची आठवण इंग्लंडास कशी झाली हे सांगण्यापूर्वी तुलनेच्या प्रश्नाची आणखी एक कथा सांगणे आवश्यक आहे. कारण लॅनार्कशायरात दयेने तुलना बिघडविली, तर अमेरिकेत गणितानेच ती बिघडविली.

अमेरिकेत अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकीर्दीत, १९६५ साली, गरीब घरांतील लहान मुलांस शाळेत जाण्यापूर्वीच काही शिक्षण व पोषण द्यावे म्हणून ‘हेड स्टार्ट’ नावाची योजना सुरू झाली. १९६९ साली वेस्टिंगहाउस लर्निंग कॉर्पोरेशन व ओहायो विद्यापीठ यांनी तिची पाहणी प्रसिद्ध केली. योजनेत गेलेल्या मुलांची तुलना न गेलेल्या मुलांशी मागाहून करण्यात आली होती, आणि घरच्या स्थितीतील फरक हिशेबाने काढून टाकण्याचा प्रयत्न केला होता. टिकाऊ लाभ फारसा दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. यावर पुढच्याच वर्षी डोनाल्ड कॅम्बेल व अल्बर्ट अर्लबाकर यांनी आक्षेप घेतला की, अशा प्रकारची तुलना निरुपद्रवी योजनेसही घातक ठरवू शकते.

हे कसे, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. एका परीक्षेत कोणाचे गुण त्याच्या नेहमीच्या योग्यतेपेक्षा थोडे अधिक पडतात, कोणाचे थोडे कमी. पुढच्या परीक्षेत तो जो तो आपल्या नेहमीच्या जागेकडे परततो. सरासरीकडची ही ओढ गॉल्टन यांनी १८८६ साली उंचीच्या बाबतीत दाखविली होती. आता गरीब वस्तीतील ४० गुणांचा मुलगा घ्या आणि सुखवस्तू वस्तीतील ४० गुणांचा मुलगा घ्या. दोघे सारखे दिसतात. परंतु गरीब वस्तीची सरासरी ३० असेल तर तेथील ४० हा चांगल्या दिवसाचा गुण असण्याचा संभव अधिक. सुखवस्तू वस्तीची सरासरी ५० असेल तर तेथील ४० हा वाईट दिवसाचा गुण असण्याचा संभव अधिक. पुढच्या परीक्षेत पहिला थोडा खाली येईल, दुसरा थोडा वर जाईल. मधल्या काळात पहिल्यास काही योजनेचा लाभ दिला असेल तर बघणारा म्हणेल, ‘पाहा, या योजनेने मूल मागे पडले!’ ज्या मापाने सारखेपणा ठरविला ते माप जितके ढोबळ, तितकी ही फसगत मोठी. हेड स्टार्ट उपयोगी होती असे याने सिद्ध होत नाही. पण निरुपयोगी होती असे म्हणणाऱ्यांच्या हातातील तराजू एका बाजूस झुकलेला असू शकतो, एवढे निश्चित दिसते. आणि ज्यांच्या बाजूने बोलावयास कोणी नसते अशा मुलांच्याच विरुद्ध तो झुकत होता, ही गोष्ट मनास लागल्यावाचून राहत नाही.

आता इंग्लंडकडे वळू. लँकेस्टर विद्यापीठाचे नेव्हिल बेनेट यांनी १९७६ साली अध्यापनाच्या शैलींवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. वायव्य इंग्लंडातील प्राथमिक शिक्षकांस प्रश्नावली पाठवून त्यांनी शैलींचे प्रकार पाडले व त्यांतून ३७ शिक्षकांचे वर्ग निवडले: कोणी जुन्या शिस्तीने शिकविणारे, कोणी मुलांस मोकळीक देणारे, कोणी मधले. सुमारे ९५० मुलांची वर्षारंभी व वर्षाअखेर परीक्षा घेतली. जुन्या शिस्तीच्या वर्गांतील मुले मोकळ्या वर्गांतील मुलांपेक्षा काही महिन्यांनी पुढे गेली, असा निकाल निघाला. वेळ मोठी नाजूक होती. लंडनमधील विल्यम टिंडेल शाळेच्या मोकळ्या शिक्षणपद्धतीवरून मोठे वादळ उठलेले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंतप्रधान कॅलॅहन यांनी ऑक्सफर्ड येथील रस्किन कॉलेजात शिक्षणाविषयी आपले प्रसिद्ध भाषण केले. अशा समयी बेनेट यांचे पुस्तक वर्तमानपत्रांनी उचलून धरले नसते तरच नवल. मोकळ्या पद्धतीच्या शिक्षकांस मान खाली घालावी लागली.

परंतु हिशेब करताना ‘एक’ म्हणून कोणाला मोजले होते? प्रत्येक मुलाला. ९५० मुले म्हणजे जणू ९५० स्वतंत्र साक्षीदार. वस्तुतः शैली ही मुलाची नव्हे, शिक्षकाची. आणि शिक्षक होते ३७. एकाच झाडाचे २६ आंबे चाखून २६ झाडांची परीक्षा केली असे कोणी बागाईतदार म्हणणार नाही. त्याने परीक्षा केली ती एका झाडाची. एका वर्गातील मुले तंतोतंत सारखी नसतात, तेव्हा त्यांची साक्ष अगदी एकाची धरणेही अन्याय होईल. संख्याशास्त्र यांतून मार्ग काढते. समजा, एका वर्गात २६ मुले आहेत आणि एका वर्गातील मुलांच्या सारखेपणाचे मान ०.२ आहे. मग २६ मधून १ वजा करून त्यास ०.२ ने गुणावे व त्यात १ मिळवावा. उत्तर ६ येते. म्हणजे अशा ९५० मुलांची साक्ष सुमारे १५८ स्वतंत्र मुलांच्या साक्षीइतकीच वजनदार. ज्याने हे ध्यानात घेतले नाही तो आपल्या खात्रीचा आकडा कितीतरी फुगवून सांगतो.

१९८१ साली मरे एटकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेनेट यांचीच सामग्री घेऊन पुन्हा हिशेब केला. त्यांनी मुले वर्गावर्गात आहेत हे गणितात आणले. शिक्षकांचे प्रकार पाडण्याची रीतही त्यांनी बदलली. अमुक शिक्षक या प्रकारात पडण्याचा संभव किती आणि त्या प्रकारात पडण्याचा किती, असा विचार केला. निकाल असा लागला की, शैलीशैलीतील फरकाविषयीची पूर्वीची खात्री टिकली नाही. एकाच शैलीने शिकविणाऱ्या दोन शिक्षकांत जे अंतर पडते त्याच्या मानाने शैलीशैलीतील अंतर विशेष ठरेना. खरे पाहता याची खूण मूळ पुस्तकातही होती. ज्या वर्गांनी उत्तम प्रगती केली त्यांत मोकळ्या पद्धतीचा एक वर्ग होता, व त्याच्या शिक्षिकेने मोकळीक ठेवूनही अभ्यासाची आखणी काळजीपूर्वक केलेली होती.

या प्रकरणातील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. फेरहिशेबाविषयी त्या वर्षी जे निबंध निघाले त्यांपैकी एकावर एटकिन यांच्याबरोबर स्वतः बेनेट यांचेही नाव आहे. ज्या निष्कर्षाने आपल्याला कीर्ती मिळाली तोच पुन्हा तपासावयास दुसऱ्याच्या हाती द्यावा, आणि निकाल विरुद्ध गेला तरी त्याखाली सही करावी, हे विद्वत्तेचे लक्षण तर आहेच, पण सचोटीचे त्याहून अधिक आहे. मात्र पहिल्या निकालाच्या वेळी जो गलबला झाला तो दुसऱ्याच्या वेळी झाला नाही. पाच वर्षांत शिक्षकांविषयीची मते बनून गेली होती.

हे सारे परदेशांत झाले, आमच्याकडे याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदा येथील महानगरपालिकांच्या शाळांत ‘बालसखी’ योजनेचा प्रयोग झाला. ‘प्रथम’ ही संस्था तो चालवीत होती, आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी त्याचे मोजमाप करीत होते. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी नेमावयाची, वर्गात मागे पडलेली पंधरावीस मुले रोज सुमारे दोन तास तिच्या स्वाधीन करावयाची, आणि वाचन व अंकगणित यांचा पाया तिने पक्का करून घ्यावयाचा, एवढीच ती योजना. पगार महिना ५०० ते ७५० रुपये.

वर सांगितलेल्या इतिहासातील चुकांपासून येथे धडा घेतलेला दिसतो. बालसखी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला मिळावी हे चिठ्ठीने ठरविले. कोणा मुख्याध्यापकाच्या दयेवर अथवा वशिल्यावर सोडले नाही. एका इयत्तेस मिळाली तर दुसरीस मिळत नसे, त्यामुळे कोणतीही शाळा अगदीच वंचित राहिली नाही आणि तुलनाही न्याय्य झाली. केवळ बालसखीकडे गेलेल्या मुलांचेच ‘आधी किती, मग किती’ असे गुण पाहिले असते, तर मागे पडलेली मुले सरासरीच्या ओढीनेच थोडी वर आली असती आणि ते श्रेय बालसखीस फुकट मिळाले असते. म्हणून सरासरी काढली ती योजना मिळालेल्या इयत्तेतील सर्व मुलांची. अनिश्चिततेचा हिशेबही सुटे मूल न धरता शाळा व इयत्ता यांचा गट धरून केला. लिंडक्विस्ट यांचा १९४० सालचा इशारा अखेर पुस्तकाबाहेर पडला होता.

निकाल काय लागला? पहिल्या वर्षी ०.१४, दुसऱ्या वर्षी ०.२८, आणि योजना संपून एक वर्ष झाल्यावर सुमारे ०.१०. हे आकडे गुणांचे नव्हेत. गुण सरासरीभोवती जेवढे पसरलेले असतात त्या पसाऱ्याचे, म्हणजे प्रमाण विचलनाचे, हे अंश आहेत. ढोबळ भाषेत सांगावयाचे तर शंभर मुलांत खालून पन्नासाव्या जागी असलेले मूल ०.२८ ने एकसष्टाव्या जागेच्या आसपास जाते, आणि ०.१० ने चौपन्नाव्या. तीनही आकडे खरे आहेत. परंतु योजनेचा अभिमानी मधला आकडा सांगेल, निंदक शेवटचा सांगेल, आणि ऐकणारास वाटेल की दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. शिवाय दुसऱ्या वर्षीची ही सरासरी वाढ मुख्यतः तळाच्या मुलांनी मिळविलेली होती. ज्यांच्यासाठी योजना केली त्यांचाच लाभ मोठा, हे नुसत्या सरासरीच्या आकड्यावरून कोणास कळले नसते. बॅनर्जी व डुफ्लो यांस पुढे २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचकांस ठाऊक असेलच.

प्रमाण विचलनाचे हे माप सोयीचे आहे, पण त्यातही मेख आहे. समजा, एखाद्या पद्धतीने मुलांचे ५ गुण वाढले. गुणांचा पसारा २० असेल तर परिणामाचे मान ०.२५ येते, पसारा १० असेल, म्हणजे प्रयोगासाठी एकसारखीच मुले निवडलेली असतील, तर तेच ५ गुण ०.५ म्हणून मिरवतात. परीक्षा कोणी काढली यावरही पुष्कळ अवलंबून असते. जो शिकवितो त्यानेच प्रश्न काढले तर जे शिकविले तेच विचारले जाण्याचा संभव असतो. २०१६ साली चंग व स्लाव्हिन यांनी शिक्षणविषयक ६४५ प्रयोग एकत्र तपासले. प्रयोगकर्त्याने स्वतः तयार केलेल्या परीक्षेत दिसणारा परिणाम त्रयस्थ परीक्षेत दिसणाऱ्या परिणामाच्या सुमारे दुप्पट, लहान प्रयोगांतील परिणाम मोठ्या प्रयोगांतील परिणामाच्या सुमारे दुप्पट, आणि छापून आलेल्या प्रयोगांतील परिणाम न छापलेल्यांच्या सुमारे दुप्पट, असे त्यांस आढळले. चिठ्ठीने गट न पाडलेल्या प्रयोगांतही परिणाम अधिक दिसत होता. म्हणजे एखादी पद्धत दुसरीच्या दुप्पट गुणकारी आहे असे वाचल्यावर, ती पद्धत दुप्पट चांगली आहे की तिची परीक्षा निम्मी सोपी होती, हे विचारणे प्राप्त होते.

यावरून ‘आकड्यांनी काहीही सिद्ध करता येते, तेव्हा आकडे नकोतच,’ असे कोणी म्हणू लागेल तर ते आम्हांस मुळीच मान्य नाही. लॅनार्कशायरच्या आकड्यांतील दोष दाखविला तो आकड्यांनीच. बेनेट यांचा निष्कर्ष सैल केला तो अधिक काळजीच्या गणिताने. आणि मुंबईच्या शाळेतील मागे पडलेली पोर खरोखर पुढे सरकली हे आम्हांस कळले तेही मोजमापानेच. आकडे टाकून दिले म्हणजे उरते ते वजनदार माणसाचे मत, आणि गरिबाच्या मुलास त्या मताचा अनुभव फारसा चांगला नाही.

तेव्हा नव्या शिक्षणपद्धतीचा डांगोरा पिटला जाईल, अथवा एखाद्या जुन्या योजनेस मूठमाती देण्याची भाषा निघेल, तेव्हा आमच्या सुशिक्षित वाचकांनी पुढे आलेल्या आकड्यास, प्रगतिपुस्तक पाहताना मुलास विचारतात तसे, चार प्रश्न विचारावेत. तुझी तुलना कोणाशी केली, आणि तो तुझ्याबरोबरीचा होता हे कोणी ठरविले? तू किती मुलांची साक्ष आणली आहेस, आणि ती किती वर्गांतून आली? तुझी परीक्षा कोणी घेतली? आणि वर्षभराने तू किती उरलास? या प्रश्नांस उभा राहणारा आकडा लहान असला तरी त्यावर भरवसा ठेवावा. पालकसभेत, शाळासमितीत किंवा नगरपालिकेच्या सभागृहात बसणाऱ्या आमच्यापैकी प्रत्येकास हे करता येईल. ज्या मुलांस आपली बाजू मांडता येत नाही, त्यांच्याविषयीचा निकाल कच्च्या हिशेबावर लागू नये, एवढी काळजी घेणे हे त्यांच्या वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच आहे.